स्टेंट बसवल्यानंतरही सीआरपी वाढलेला: काळजीचे कारण आहे का?

प्रश्न (देवगड): माझ्या वडिलांना चार महिन्यांपूर्वी हृदयाच्या धमनीत स्टेंट (ती उघडी ठेवणारी जाळीदार नळी) बसवला. एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) आता ५८ आहे, गोळ्या नियमित चालू आहेत, तरीही हाय-सेन्सिटिव्हिटी सीआरपी (शरीरातील दाह दाखवणारी रक्ततपासणी) ४.६ आला. कोलेस्टेरॉल आटोक्यात असताना हा दाह धोक्याचा मानावा का?

उत्तर: मानावा, पण आधी चाचणी पुन्हा करून घ्यावी. स्टेंटमुळे एक अरुंद जागा मोकळी होते. धमन्यांच्या भिंतींतील मूळ रोग तसाच राहतो आणि तेथील दाह चरबीच्या थरावरचे आवरण कमकुवत करून ते फाटण्यास कारणीभूत ठरू शकतो. म्हणूनच २ मिलिग्रॅम प्रतिलिटरहून अधिक सीआरपी हा उरलेल्या धोक्याचा संकेत धरतात. मात्र ताप, दाताचा पू किंवा भातलावणीत पायाला झालेल्या आणि पिकलेल्या चिखल्या यांनीही तो वाढतो.

दुसरे उत्तर: दाह कमी करणाऱ्या कोल्चिसिन या औषधाविषयी हृदयरोगतज्ज्ञांना अवश्य विचारा. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या लोडोको-२ या औषध-चाचणीत, स्थिर हृदयधमनीविकाराच्या ५,५२२ रुग्णांमध्ये, रोज ०.५ मिलिग्रॅम मात्रेने हृदयविकाराच्या गंभीर घटनांचा धोका ३१ टक्क्यांनी घटला. पण २०२४ च्या क्लिअर सिनर्जी या औषध-चाचणीत, हार्ट अटॅकनंतर लगेच कोल्चिसिन दिल्यावर, तसा फायदा दिसला नाही. मूत्रपिंडे कमजोर असतील किंवा क्लॅरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक चालू असेल, तर हे औषध घातक ठरू शकते. ॲस्पिरिन व तिच्या जोडीची रक्त पातळ करणारी गोळी मात्र स्वतःहून कधीही थांबवू नका.

प्रश्नकर्ता: चिखल्या खरोखरच झाल्या होत्या, आणि त्यांत पूही होता. त्या बऱ्या झाल्यावर पुन्हा रक्त तपासून घेतो. आपले मनापासून आभार.