सोलापूरच्या उन्हात लाकडी कुंपणाला कोणता स्टेन टिकेल? मृगाच्या आत मारावा की दसऱ्यानंतर?

नमस्कार मंडळी. विजापूर रोडला आमचं बैठं घर आहे. अंगणाला सागवानी पट्ट्यांचं कुंपण आहे, साडेतीन फूट उंच, लोखंडी खांबांवर बसवलेलं. गावाकडचा वाडा उतरवला तेव्हा त्यातलेच वासे चिरून या पट्ट्या पाडून घेतल्या होत्या. त्यामुळे ‘काढून टाका, ग्रिल बसवा’ हा सल्ला कृपया नको. लाकूड राखायचं आहे.

मागच्या वेळी पेंटरने चकचकीत क्लिअर वार्निश मारून दिलं. पाच वर्षं बघावं लागणार नाही असं सांगितलं होतं. पहिला पावसाळा सरला आणि पश्चिमेकडून ते सुटायला लागलं. आता नख लावलं की कांद्याच्या पापुद्र्यासारखं अख्खं निघून येतं. खालचं लाकूड राखाडी पडलंय, हात फिरवला तर बारीक धागे हाताला लागतात. खिळ्यांभोवती काळे ओघळ आहेत. झाडांना बोअरचं पाणी मारताना जिथे शिंतोडे उडतात तिथे पांढरे डाग पडलेत. पूर्वेकडची बाजू मात्र अजून बरी आहे.

दुकानात विचारलं तर एकाने पीयू म्हणजे पॉलियुरेथेनचं कोटिंग सांगितलं, दुसऱ्याने सरळ ऑइलपेंट. शेजारचे काका म्हणतात, गाडीचं जळकं ऑइल मारा, वाळवीपण येत नाही. मुलं दिवसभर त्या कुंपणाला लोंबकळतात, म्हणून जळकं ऑइल मला नको आहे. मला स्टेनच करायचा आहे, म्हणजे लाकूड न झाकणारा रंग, लाकडाच्या रेघा दिसल्या पाहिजेत. पण तेलाचा घ्यावा की पाण्याचा, रंग किती गडद, आणि या ४२ डिग्रीत तो मारायचा तरी कधी? ज्यांनी आपल्याकडच्या उन्हात हे केलंय त्यांनी कृपया सविस्तर सांगा. पुण्या-मुंबईचे सल्ले वाचून झालेत, तिथलं ऊन वेगळं.

प्रतिसाद:

ताई, मी लाकूड पॉलिशचंच काम करतो, अक्कलकोट रोडकडची शेतघरं बरीच केलीत. तुमच्या पेंटरने माल वाईट वापरला असेल असं नाही, पण जात चुकली. वार्निश काय, पीयू काय, ते लाकडाच्या वर पापुद्रा धरतात. लाकूड उन्हाने आकसतं, पावसाने फुगतं, आणि तो पापुद्रा तेवढा ताणला जात नाही. कुठेतरी बारीक चीर जाते, पाणी आत शिरतं, मग आतून सुटत येतं. त्यात क्लिअर असलं तर ऊन आरपार जातं. लाकडाचे धागे धरून ठेवणारं लिग्निन ऊन आधी खातं, पाऊस ते धुऊन नेतो, आणि उरतात ते तुमच्या हाताला लागणारे राखाडी धागे.

म्हणून आत मुरणारा, तेलाचा, बाहेरच्या कामाचा स्टेन घ्या. दुकानात नुसतं ‘वुड स्टेन’ म्हणालात तर फर्निचरचा देतील. तो फक्त रंग असतो, त्यावर मेलामाइन किंवा लॅकरचं कोटिंग मारायचं असतं आणि ते घरातलं काम. डब्यावर एक्स्टेरियर लिहिलेलं बघूनच पैसे द्या. पाण्याचेही चांगले येतात, पण आपल्या कोरड्या उन्हात ते ब्रशखालीच वाळतात आणि जोडाचे पट्टे दिसतात. नवख्या हाताला तेलाचाच सोपा.

रंग मधला, सागवानी किंवा मधाळ. रंगातली पूडच ऊन अडवते, म्हणून अगदी फिका टिकत नाही. उलट काळपट अक्रोडी घेतला तर फळी जास्त तापते आणि चिरा वाढतात.

खरी मेहनत त्याआधी आहे. जुनं वार्निश पूर्ण काढा, पूर्वेचंसुद्धा. बरं दिसतंय म्हणून ठेवलं तर तिथे स्टेन मुरणार नाही, चिकट डाग राहतील. स्क्रॅपर, मग ८० नंबरचा पॉलिश पेपर, धाग्याच्या दिशेने. फार गुळगुळीत करू नका, लाकूड पीत नाही. राखाडीपणा आणि खिळ्यांचे काळे ओघळ ऑक्झॅलिक ॲसिडच्या पाण्याने जातात. हातमोजे आणि चष्मा घाला, मुलांना लांब ठेवा, ते विष आहे. नंतर भरपूर पाण्याने धुवा आणि पूर्ण वाळू द्या. मग पाण्याचे चार थेंब टाकून बघा. थेंब मुरले तर लाकूड तयार, मोत्यासारखे उभे राहिले तर अजून घासायचंय.

वेळेचं म्हणाल तर दसरा-दिवाळीनंतरचा काळ सगळ्यात चांगला. सप्टेंबरचा मोठा पाऊस गेलेला असतो, लाकूड वाळलेलं असतं, ऊनही नरम. पण तुमची पश्चिम बाजू उघडी पडलीय, तिला तसंच पावसात ढकलू नका. तिचं तोंड सकाळी सावलीत असतं. उजाडल्यावर सुरू करा, नऊ-साडेनऊला ब्रश ठेवा. फळीला हात लावा, गरम लागली तर त्या दिवशीचं काम संपलं. आणि वळवाचा रंग दिसत असेल तर डबा उघडूच नका, चोवीस तास तरी कोरडे मिळायला हवेत. बाकीचं दसऱ्यानंतर.

प्रतिसाद:

दादा, इतकं कुणीच समजावलं नव्हतं. खूप आभार. दोन गोष्टी राहिल्या. ओघळ काढले तरी खिळे तेच राहणार ना? आणि घरी डबल बॉइल जवसाचं तेल आहे, ते स्टेनऐवजी चालेल का?

प्रतिसाद:

खिळे बदलाच ताई. सागाच्या अंगातला टॅनिन, म्हणजे तुरट अंश, लोखंडाला लागला की काळं होतंच. स्टेनलेसचे स्क्रू लावा, महाग पडतात पण परत हे करावं लागणार नाही. फळ्या सोडवल्यातच तर खालची-वरची कापलेली टोकं स्टेनमध्ये चांगली भिजवा, पाणी सगळ्यात जास्त तिथूनच चढतं. बसवताना जमिनीपासून दोन इंच वर ठेवा. आपली काळी माती ओल धरून ठेवते, वाळवीही तिथूनच येते.

नुसतं जवसाचं तेल नको. त्यात रंग नाही म्हणजे उन्हाला अडसर नाही, आणि पावसाळ्यात त्यावर काळी बुरशी धरते.

मारताना एक फळी वरपासून खालपर्यंत एका दमात करा, मध्ये थांबू नका. हात पातळ ठेवा. पंधरा-वीस मिनिटांनी जे वर उरलंय ते कापडाने पुसून घ्या, नाहीतर धूळ बसून कायम चिकट राहील. पश्चिमेला दोन-तीन वर्षांत परत एक हात लागेल, पण तेव्हा खरवडायला नको. धुवायचं, वाळवायचं, मारायचं.

आणि हे विसरू नका: तेलाच्या स्टेनची कापडं गोळा करून कोपऱ्यात टाकायची नाहीत. तेल वाळताना तापतं, आणि बोळा स्वतःहून पेट घेऊ शकतो. आपल्या उन्हाळ्यात तर नक्कीच नको. पाण्याच्या बादलीत बुडवा किंवा एकेक उघड्यावर पसरून वाळवा, मगच कचऱ्यात.