मदत हवी आहे: मुलाच्या बरगडीवर हाडाची गाठ, ऑपरेशन आत्ताच करावं का?

नमस्कार, आम्ही जुळे सोलापूरला राहतो. मुलगा 15 वर्षांचा. दिवाळीत पहिल्या आंघोळीला पाठीला तेल लावत होते तर उजव्या बरगडीवर टणक काहीतरी हाताला लागलं, शेंगदाण्याएवढं, हलत नाही, दाबलं तरी दुखत नाही. तो म्हणे आई ते लई दिवसांपासून आहे. मला तर धस्स झालं.

एक्सरे झाला, मग सीटी. ऑस्टिओकॉन्ड्रोमा म्हणतात, म्हणजे हाडालाच फुटलेला कोंब आणि त्याच्या टोकावर कूर्चेची टोपी. कॅन्सर नाही, उंची वाढायची थांबली की हेपण थांबतं, त्यानंतरही वाढायला लागलं तर मात्र लगेच या, असं पहिले डॉक्टर म्हणाले. जीव भांड्यात पडला. पण दुसऱ्या सर्जनना सीटी दाखवला तर म्हणाले हाताला लागतं ते थोडंच, एक टोक आत फुफ्फुसाकडे वळलंय, ते घासून क्वचित फुफ्फुसाला भोक पडतं नाहीतर छातीत रक्त साचतं, काढलेलं बरं. क्वचित म्हणजे किती हे विचारायचं राहूनच गेलं. आणि हा रोज कबड्डी खेळतो हो!

ऑपरेशन दुर्बिणीतून होईल म्हणे, टोपी पूर्ण निघाली पाहिजे नाहीतर परत वाढू शकते, बरगडीचा थोडा तुकडाही जाईल, काढलेलं सगळं तपासणीला पाठवणार. ज्यांच्या घरात असं झालंय त्यांनी प्लीज सांगा, छातीतली नळी किती दिवस होती, पोराला दीर्घ श्वास घेताना किती दुखलं, ते तीन बॉलवालं श्वास आत ओढायचं यंत्र केलं का त्याने नीट? परत मैदानावर कधी गेला? पुण्याला न्यावं का इथेच करावं? महात्मा फुले योजनेत बसतं का हेपण कुणाला माहीत असेल तर सांगा.

अपडेट: खाली एका ताईंनी विचारलं घरात अजून कुणाला आहे का. वाचून आपसूक गुडघ्याकडे हात गेला. माझ्या डाव्या गुडघ्याच्या वर लहानपणापासून असाच उंचवटा आहे, कधी मनावरच घेतला नाही, डॉक्टरांनाही सांगितलं नाही. अशा गाठी बऱ्याच असतील तर ते आनुवंशिक असू शकतं, मुलांत यायची शक्यता निम्मी असते असं त्या म्हणाल्या. काल रात्री मुलाचे हातपाय चाचपले, मनगटाजवळ काहीतरी लागल्यासारखं वाटतंय. उद्या फाइल घेऊन जातेय. धाकटीला पण सोबत नेऊ का?