मदत हवी आहे: बँकॉकचं ओरिएंटल, नदीकडची खोली की गार्डन विंग? आज रात्री ठरवायचंय

गोदाकाठ
बँकॉकचं ओरिएंटल (आताचं मँडरिन ओरिएंटल) बुक करतोय, तीन रात्री. रिव्हर विंग आणि गार्डन विंग यांच्या दरात बराच फरक दिसतोय. स्वस्त दर "पैसे परत नाहीत" वाला आहे आणि तो आज रात्री १२ ला संपतो. नुसती नदी दिसण्यासाठी एवढे जास्त मोजावेत का? आणि हॉटेलला बोटीनेच जावं लागतं म्हणतात, खरं का? "गूगल करा" असं कृपया सांगू नका, तीन दिवस तेच करतोय.

सागरवेळ
कधी जाताय? किती जण? खोलीचं पूर्ण नाव काय दिसतंय? हे कळल्याशिवाय नीट सांगता येणार नाही.

तोवर एवढं घ्या. हॉटेल चाओ फ्रायाच्या पूर्व काठावर आहे, म्हणजे नदी पश्चिमेला. नदीकडच्या खोलीतून सूर्यास्त दिसतो, पण दुपारी दोननंतर ऊन थेट काचेवर येतं. आवाजाचंही बघा. दिवसभर लांबशेपटी बोटींची इंजिनं आणि रात्री साधारण साडेसात ते साडेनऊ जेवणाच्या क्रूझवरची गाणी. वरच्या मजल्यावर काच लावली की त्रास नाही. खालच्या मजल्यावर मात्र धक्क्याची वर्दळ आणि झाडांचे शेंडे, दोन्ही वाट्याला येतात. "रिव्हर विंग, वरचा मजला" असं लेखी मिळत असेल तर जास्तीचे पैसे सार्थकी लागतात. नुसतं "डिलक्स" लिहिलंय आणि विंगचं नाव नाही, तर ते बुकिंग करू नका.

अनघा_के
विंग नंतर, आधी दर वाचा. आकड्यापुढे दोन अधिक चिन्हं (++) आहेत का? असतील तर १०% सेवा शुल्क आणि त्यावर ७% व्हॅट लागतो. म्हणजे १७ नाही, १७.७%. खोली २०,००० बाहत दिसत असेल तर २२,००० आणि मग २३,५४०. तुमच्या कार्डाचा परदेशी व्यवहाराचा ३.५% आणि त्यावर १८% जीएसटी धरला तर आणखी सुमारे ९७२ बाहत. दोन वेबसाइटवर एकाच खोलीचे दोन दर दिसतात ते बहुतेक यामुळेच. नाश्ता धरलाय का तेही बघा.

काउंटरवर मशीन "रुपयांत की बाहतमध्ये" विचारेल. बाहतच निवडा. रुपये निवडले की विनिमयाचा दर ते लावतात आणि तो नेहमी महाग पडतो.

ठाणेकर६२
तीन रात्री तिथे कशाला? पेनिन्सुला समोरच्याच काठावर आहे आणि तिथे प्रत्येक खोलीतून नदी दिसते, विंगचा प्रश्नच नाही. शांग्रिला तर सफान ताक्सिन बीटीएसला (उंचावरून जाणाऱ्या शहरी रेल्वेचं स्थानक) लागून आहे आणि त्याच्या क्रुंगथेप विंगला बाल्कनी आहे. कमी पैशात जास्त नदी. ओरिएंटलला जाऊन ऑथर्स लाउंजमध्ये दुपारचा चहा घ्या, आधी टेबल राखून. पांढऱ्या वेताच्या खुर्च्या, काचेच्या छतातून येणारा उजेड, सगळं दोन तासांत अनुभवता येतं.

सागरवेळ
@ठाणेकर६२, त्यांनी हॉटेल कुठलं ते विचारलेलं नाही, खोली कुठली ते विचारलंय. आणि पेनिन्सुला थोनबुरीच्या, म्हणजे पश्चिमेच्या, बाजूला आहे. नदी दिसते पूर्वेकडे, सूर्यास्त पाठीमागे. शहरात येण्यासाठी दर वेळी बोट किंवा पुलावरून टॅक्सी.

ठाणेकर६२
सकाळचं कोवळं ऊन मिळतं आणि संध्याकाळी समोरच्या काठावरचे दिवे दिसतात, हे का सांगत नाही? बोट काही मिनिटांची आहे.

गोदाकाठ
भांडू नका. ओरिएंटलच हवंय, ते ठरलेलं आहे. दोन जण. नोव्हेंबर, त्रिपुरारी पौर्णिमेचा आठवडा. मुंबईहून रात्रीचं विमान. माझंच क्रेडिट कार्ड. झालं?

पुस्तकवेडा
ओरिएंटलच हवंय म्हणता ते योग्यच आहे. हॉटेलची सुरुवात १८७६ ची, पण ज्या जुन्या इमारतीला ऑथर्स विंग म्हणतात ती १८८७ ची. इंग्रज लेखक सॉमरसेट मॉम १९२३ मध्ये तिथेच मलेरियाने तापला होता. दुसऱ्या महायुद्धानंतर तर जर्मेन क्रुल या नामवंत छायाचित्रकार बाईंनी हॉटेल चालवलं. रिव्हर विंग १९७६ ची आहे. जुन्या वास्तूत राहण्याच्या कल्पनेने जाणार असाल तर हे आधी माहीत असू द्या, नाहीतर खोलीत शिरल्यावर हिरमोड होईल.

अनघा_के
त्रिपुरारी पौर्णिमेचा आठवडा म्हणजे लॉय क्राथोंग, थाई लोकांचा दिवे सोडण्याचा सण! बहुतेक वर्षी ते त्याच दिवशी किंवा एक दिवस मागेपुढे असतं. केळीच्या खुंटाच्या गोल चकतीवर पानं-फुलं, उदबत्ती आणि मेणबत्ती लावून लोक नदीत सोडतात. त्या रात्री नदीकडची खोली घेतलीत तर पैसे खरोखर वसूल. पण नदीकाठची बहुतेक रेस्टॉरंटं तेव्हा ठरावीक आणि महाग जेवणच देतात, तेही आगाऊ बुकिंगवर. सार्वजनिक बोटी लवकर बंद होऊ शकतात. रस्त्यांवर गर्दी. संध्याकाळी पाचच्या आत हॉटेलात परत या.

सागरवेळ
रात्रीचं विमान म्हणजे पहाटे पाच-सहाला सुवर्णभूमीवर. खोली दुपारी मिळणार. विमानतळ, टॅक्सी सगळं धरून साडेआठला लॉबीत पोचाल आणि तिथेच ताटकळाल. आदल्या रात्रीपासून बुक करा आणि "सकाळी येणार" हे लेखी कळवा. कळवलं नाही तर रात्री १२ नंतर "आले नाहीत" अशी नोंद होऊन बुकिंग रद्द होऊ शकतं.

प्रवासी_पावलं
ग्रँड पॅलेसला जाताना पाय झाकणारे कपडे हवेत, तिकीट ५०० बाहत, शेवटचा प्रवेश दुपारी साडेतीन. ता चांग धक्क्यावर उतरा. बाहेर कोणी "आज बंद आहे" सांगून टुकटुकमध्ये बसवत असेल तर ऐकू नका.

गोदाकाठ
धन्यवाद, पण पॅलेस वगैरे नंतर. एक सांगायचं राहिलं. मी जात नाहीये. आई-बाबा जाणार आहेत, लग्नाला ५० वर्षं होतायत म्हणून. बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, चालतात व्यवस्थित, पायऱ्या नको वाटतात. आई शाकाहारी, अंडंही नाही.

सागरवेळ
अहो, हे पहिल्या ओळीत हवं होतं! आता पैसे परत न मिळणारा दर विसरा. सत्तरीच्या पुढच्या दोन माणसांच्या प्रवासात तारीख बदलण्याची सोय हवीच. आणि रिव्हर विंगच घ्या. गार्डन विंगमध्ये दोन पातळ्यांची खोली मिळू शकते, पलंग एका पातळीवर, बैठक दुसऱ्या. मधली पायरी रात्री अंधारात धोक्याची. खोलीत पायरी नको, टबमध्ये चढून अंघोळ नको, वेगळा शॉवर हवा, हे तिन्ही लिहून मागा.

अनघा_के
कार्ड तुमचं आणि पाहुणे दुसरे, इथे नेहमी गोची होते. पैसे भरले असले तरी हॉटेल प्रत्यक्ष कार्ड मागू शकतं. दुसऱ्याच्या कार्डावरून पैसे घेण्याचा संमती-अर्ज हॉटेलकडून मागवा, भरून पाठवा आणि "मिळाला" असं उत्तर आल्याशिवाय विमानात बसवू नका. अनामतीसाठीही काउंटरवर कार्ड लागेल. बाबांचं डेबिट किंवा फॉरेक्स कार्ड दिलंत तर तेवढी रक्कम अडकते आणि सुटायला काही आठवडे लागू शकतात. अनामतही तुमच्याच कार्डावर घ्या, असं त्या अर्जातच नमूद करा. बुकिंगवरची नावं पासपोर्टप्रमाणे. थायलंडचं डिजिटल आगमन कार्ड येण्याच्या आधीच्या तीन दिवसांत भरायचं, ते फुकट आहे. पैसे मागणारी साइट दिसली तर ती खोटी.

धक्का_नंबर_१
बोटीचं कोणीच सांगितलं नाही. बोटीने जाणं सक्तीचं नाही, चारोन क्रुंग रस्त्याच्या सोय (गल्ली) ४० मधून गाडी थेट दारात येते. हॉटेलची लाकडी बोट सॅथोर्न धक्क्यापर्यंत फुकट आहे, तिथेच वर सफान ताक्सिन बीटीएस. पण स्पा पलीकडच्या काठावर आहे, तिथेही बोटच.

गुडघ्यासाठी नीट वाचा. धक्का तरंगता असतो. शेजारून मोठी बोट गेली की लाट येते आणि बोट वीतभर वर, वीतभर खाली होते. बोटवाला दोर खुंट्याला गुंडाळतो, पण बोट हलायची थांबत नाही. बाबांनी आधी पिशवी आत द्यावी, दोन्ही हात मोकळे ठेवावेत, बोटवाल्याच्या मनगटाला धरावं (नुसती बोटं नकोत) आणि बोट वर येऊन धक्क्याशी समतल झाली की आधी चांगला पाय टाकावा. खाली जात असताना टाकला तर सगळा भार गुडघ्यावर येतो. नारिंगी झेंड्याची सार्वजनिक बोट त्यांना नकोच. ती धक्क्याला टेकते न टेकते तोच शिट्टी होते आणि निघते.

टॅक्सीवाल्याला "मँडरिन" म्हणू नका. राम ४ रस्त्यावर मँडरिन नावाचं वेगळं हॉटेल आहे, तिथे सोडेल. थाई लोक "ओरियनतेन" म्हणतात, शेवटी न. पत्ता थाई लिपीत छापून खिशात द्या. विमानतळावर पहिल्या मजल्यावरच्या मशीनमधून टॅक्सीची चिठ्ठी घ्यायची. मीटर, वर ५० बाहत आणि टोल प्रवाशाचा.

ठाणेकर६२
गुडघा आहे तर माझं म्हणणं मागे. पेनिन्सुलाला दर वेळी बोट पडली असती. आईंच्या जेवणाचं सांगतो. नुसतं "व्हेज" म्हणून भागत नाही, नाम प्ला म्हणजे माशाचं पाणी आणि कापी म्हणजे कोळंबीची चटणी भाजीतही घालतात. "मंगसविरत" (शाकाहारी) म्हटलं तर अंडं येऊ शकतं. "जे" हा शब्द वापरा: मांस, मासे, अंडं, दूध काहीच नाही, कांदा-लसूणही नाही. घरच्या चवीचं हवं असेल तर सिलोम रस्त्यावरच्या मारिअम्मन मंदिराच्या आसपास भारतीय खानावळी आहेत. टॅक्सीवाल्याला "वाट खेक" सांगायचं.

गोदाकाठ
हॉटेलला लिहिलं: रिव्हर विंग, वरचा मजला, खोलीत पायरी नको, वेगळा शॉवर, आदल्या रात्रीपासून बुकिंग, संमती-अर्ज पाठवा, ५० वा वाढदिवस. रद्द करता येणारा दर घेतोय. काही राहिलं?

अनघा_के
"लग्नाचा ५० वा वाढदिवस" असं पूर्ण लिहा, नाहीतर केकवर बाबांचं एकट्याचं नाव येईल. आणि केक अंड्याशिवाय, हे त्याच ओळीत.