मोड आलेल्या काबुली चण्यांचं कच्चं हमस: रवाळपणा आणि उग्र वास कसा घालवायचा?

पानफुटी
काबुली चण्यांना मोड आणून, न शिजवता हमस करायचं आहे. सध्याचं प्रमाण असं: सुके चणे १०० ग्रॅम, रात्रभर भिजवून मग दोन दिवस फडक्यात बांधलेले, मोड साधारण दीड सेंटिमीटर. त्यात पांढरे तीळ २ चमचे, लसूण ४ पाकळ्या, एका लिंबाचा रस, मीठ आणि पाव वाटी ऑलिव्ह ऑइल. सगळं एकदमच मिक्सरच्या मोठ्या भांड्यात घालून फिरवलं जातं.

अडचणी तीन. कितीही फिरवलं तरी जिभेला रवा लागतो. कच्च्या हरभऱ्याचा उग्र वास येतो आणि मागाहून कडवटपणा. आणि मिक्सर एवढा तापतो की हमस कोमट होऊन बाहेर येतं. शिवाय घरात लहान मूल आणि सत्तरीच्या पुढची माणसं आहेत, त्यांना हे कच्चं द्यावं का? शिजवलेल्या हमसची कृती नको, ती येते.

खलबत्ता
तुमच्या प्रमाणातच निम्मं उत्तर आहे.

चणे शिजतात तेव्हा त्यातला स्टार्च पाणी पिऊन फुगतो आणि त्याची खळ होते. त्याला साधारण ६५ ते ७० अंश तापमान लागतं. पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारं पेक्टिनही उष्णतेनेच सैल पडतं. मोड आणल्याने यातलं काहीच पुरतं होत नाही. म्हणून कच्चा चणा बारीक होतो, पण मिळून येत नाही. लेबनॉन, सीरिया, पॅलेस्टाइनकडचं मूळ हमस शिजवलेल्या चण्यांचंच असतं, बोटांत धरला तर चणा चुरडला पाहिजे इतक्या मऊ. तिकडेच फलाफलसाठी चणे नुसते भिजवून कच्चे वाटतात, पण ते पुढे तळलं जातं, त्यामुळे स्टार्च तेलात शिजून निघतो. तुमच्या हमसला पुढे आच मिळणारच नाही. तेव्हा शिजवलेल्या हमसचा मऊपणा चण्यांकडून मागू नका, तो ताहिनीकडून, म्हणजे तिळांच्या मऊ वाटणाकडून आणायचा.

१०० ग्रॅम सुके चणे मोड आल्यावर २०० ग्रॅमच्या आसपास भरतात. त्याला ९० ते १०० ग्रॅम तयार ताहिनी घ्या, म्हणजे मोडांच्या जवळजवळ निम्मी. दोन चमचे अख्खे तीळ ओल्या चण्यांबरोबर फिरवून ताहिनी होत नाही, ते तीळ तसेच दाताखाली येतात. बाकी लिंबाचा रस ४५ मिली (आपली कागदी लिंबं अडीच ते तीन), लसणाची एकच मोठी पाकळी, मीठ पाऊण चहाचा चमचा, जिरेपूड पाव चमचा, बर्फाचं पाणी ६० ते ८० मिली आणि ऑलिव्ह ऑइल फक्त १ टेबलस्पून.

क्रम महत्त्वाचा. पाकळी उभी चिरून आतला हिरवा कोंब काढा, लसूण मिठाबरोबर ठेचा आणि लिंबाच्या रसात १० मिनिटं ठेवा. आंबट रसात लसणाचा तिखटपणा तयार करणारं विकर (एन्झाइम) मंदावतं, म्हणून पाकळी कच्ची असूनही घशाला लागत नाही. मग भांड्यात आधी ताहिनी आणि हा रस. ताहिनी एकदम आवळून घट्ट गोळा होईल, घाबरू नका. बर्फाचं पाणी चमच्याचमच्याने घालत फिरवा, ती सैल होऊन पांढरट दिसू लागते. तशी झाली की चणे तीन वेळा विभागून घाला. उलट क्रमाने गेलात तर चण्याचे कण मोठेच राहतात, कारण घट्ट लगद्यात पातं पोकळीत फिरत बसतं.

आता सालं. मोड आल्यावर साल सुटलेलीच असते. चणे पाण्यात घेऊन दोन्ही तळव्यांत हलके चोळा, सालं वर तरंगतील, ती ओतून टाका. असं चार-पाच पाण्यांत. १० मिनिटांचं काम आहे, कंटाळवाणं आहे, पण रवाळपणातला मोठा वाटा या सालांचाच असतो. साल तशीच ठेवून महागडा ब्लेंडर घेण्यात अर्थ नाही.

ऑलिव्ह ऑइल मिक्सरमध्ये घालू नका. एक्स्ट्रा व्हर्जिन तेल वेगाने फिरणाऱ्या पात्याखाली कडू होऊ शकतं. शेवटी चमच्याने मिसळा. तुमच्या कडवटपणाची इतर दोन संभाव्य कारणं म्हणजे लिंबाची वाटली गेलेली बी आणि लांब मोड.

मोडाची_पुरचुंडी
मोडांबद्दल भर घालते. दीड सेंटिमीटर म्हणजे उसळीलाही जास्त झाले, हमससाठी तर फारच. मोड ३ ते ५ मिलीमीटरला थांबवायचे. त्यापुढे गवतासारखा वास यायला लागतो आणि शेपटीचे धागे वाटणात तुकड्या-तुकड्यांनी राहतात.

भिजवणं १० ते १२ तास, पाणी चण्यांच्या चौपट. काबुली चणे त्याहून फार जास्त वेळ पाण्यात राहिले की आंबायला लागू शकतात आणि मग मोड नीट येत नाहीत. भिजवताना खायचा सोडा अजिबात नको, तो शिजवायच्या चण्यांसाठी. उपसल्यावर चाळणीत १५ मिनिटं निथळा. फडकं घट्ट पिळून बांधा, ओलं हवं पण टपकणारं नको. दर ८ तासांनी पुरचुंडी सोडून चणे धुवायचे आणि परत निथळायचे. मूग-मटकीला हे न करताही चालून जातं, काबुलीला नाही. दाणा मोठा, आत पाणी जास्त, आणि पुरचुंडीच्या मधोमध गरम होऊन बुळबुळीत होतो. २५ ते ३० अंशांत २४ ते ३० तासांत हवे तेवढे मोड दिसतात. एप्रिल-मेमध्ये पुण्या-नागपूरकडे पुरचुंडी माठाशेजारी, फरशीवर ठेवा. परदेशात थंडीत बंद ओव्हनमध्ये नुसता दिवा लावून ठेवलं तरी पुरेशी ऊब मिळते.

धुताना एक चणा नखाने दाबून पाहा. तयार चणा कट्कन दोन डाळिंब्यांत फुटतो, आतून पिवळट-पांढरा आणि कोरडा दिसतो. नख रुतून चिकट पाणी आलं, किंवा बोटांना तार सुटली, तर तो घाणा टाकून द्यायचा. धुऊन वास गेला तरी वापरू नये.

आणि चणे कुठले, हेही बघा. जुना माल निम्माच फुटतो. २० दाणे आधी भिजवून मोड आणून पाहा, १७-१८ फुटले तर पिशवी चांगली. डॉलर चणे (मोठ्या दाण्याचे काबुली) दिसायला छान, पण त्यांना भिजायला वेळ लागतो आणि मधे कडक राहतात. मध्यम दाण्याचे घ्या. बियाण्याच्या दुकानातले चणे मात्र चुकूनही आणू नका. पेरणीच्या बियाण्याला बुरशीनाशक चोळलेलं असतं, बहुधा गुलाबी-लाल रंगाचं, आणि ते धुऊन जात नाही.

घाण्याचं_तेल
ताहिनीविषयी कुणी सविस्तर लिहिलं नाही म्हणून. बाटलीतली ताहिनी बहुतेक भाजलेल्या तिळांचीच असते. पूर्ण कच्चं हवं असेल तर घरी करावी लागेल.

पॉलिशचे म्हणजे सोललेले पांढरे तीळ घ्या. गावरान, सालासकट तिळांची चव खमंग असते, पण कच्चे वाटले की साल कडू लागते. तीळ धुवायचे नाहीत, ओले झाले तर ताहिनीऐवजी चटणी होईल. तासभर कडक उन्हात ठेवा, ऊब आली की तेल लवकर सुटतं. चटणीच्या छोट्या भांड्यात किमान १५० ग्रॅम तीळ हवेत, कमी घेतले तर ते भिंतीला चिकटून बसतात आणि पातं रिकामं फिरतं. आधी कोरडे फिरवून पूड करा, मग ३० ते ४० मिली घाण्याचं तीळतेल थोडं थोडं घाला. इथे ऑलिव्ह ऑइल नको, आणि चिनी पदार्थांत घालतात ते गडद, भाजक्या तिळांचं तेलही नको.

मिक्सर तापण्याचं: साध्या ७५० वॉटच्या मिक्सरला ३० सेकंद फिरवून एक मिनिट विश्रांती द्या. ताहिनी आधी करून फ्रिजमध्ये गार करा, चणेही सोलून तासभर गार करा, आणि पाण्याऐवजी थोडा बर्फाचा चुरा घाला. मोठ्या भांड्यात एवढंसं वाटण वर उडून बसतं, म्हणून मधलं भांडं घ्या. मिक्सर मधेच बंद पडला तर बुडाशी असलेलं लाल बटण गार झाल्यावर दाबायचं, दुरुस्तीला न्यायची घाई नको.

पाटा असेल तर शेवटचा हात पाट्यावर द्या. मिक्सर कापतो, पाटा रगडतो. कच्च्या डाळीच्या वाटणात हा फरक बोटाला लगेच कळतो.

डॉ_कोरडा_सल्ला
सुरक्षिततेचं स्पष्टच लिहिते. लहान मूल, ज्येष्ठ, गर्भवती, केमोथेरपी किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असलेली व्यक्ती, यांना कच्चे मोड देऊ नका. कुठल्याच धान्याचे.

मोड यायला जी ऊब आणि ओल लागते, तीच साल्मोनेला आणि ई. कोलाय यांना हवी असते. बियांवर मूठभर जंतू असले तरी दीड दिवसात प्रचंड वाढतात. २०११ मध्ये जर्मनीत ई. कोलायची जी मोठी साथ आली, तिचा माग शेवटी मेथीच्या मोडांपर्यंत लागला. ५० हून जास्त माणसं दगावली. धुण्याने जंतू कमी होतात, जात नाहीत. लिंबाचा रस हमसची चव बदलतो, निर्जंतुक करत नाही.

दुसरं, कच्च्या चण्यात ट्रिप्सिन (प्रथिनं पचवणारं विकर) अडवणारी प्रथिनं आणि लेक्टिन (पोट बिघडवू शकणारी प्रथिनं) असतात. मोडांमुळे कमी होतात, पूर्ण नाही. गॅस करणाऱ्या साखरा मात्र मोड येताना बऱ्याच कमी होतात. निरोगी माणसाने पहिल्यांदा दोन टेबलस्पूनवर थांबावं.

मधला मार्ग: दीड लिटर पाणी खळखळून उकळा, सोललेले २०० ग्रॅम मोड त्यात ३ मिनिटं, लगेच बर्फाच्या पाण्यात. उग्र वास ज्या लायपॉक्सिजिनेज विकरामुळे येतो त्याचं कामही यात बरंचसं थांबतं. जंतूंचा धोका कमी होतो, शून्य होत नाही. घरातल्या लहान-थोरांसाठी मात्र कुकरमध्ये मऊ शिजवलेलेच मोड.

खलबत्ता
तीन मिनिटं उकळल्यावर त्याला कच्चं म्हणायचं का, हा प्रश्न राहतोच. पण वासाचा बंदोबस्त याने होतो, हे मान्य. एवढंच लक्षात ठेवा की उकळत्या पाण्यातून काढलेला चणा पाणी पिऊन येतो, तेव्हा फडक्यावर कोरडा करा आणि बर्फाचं पाणी ४० मिलीवर आणा. न उकळता वास कमी करायचा असेल तर चणे वाटण्याआधी पूर्ण गार असू द्या आणि वाटताना लिंबूरस भांड्यात आधीपासून असू द्या. गार आणि आंबट असलं की विकराचा जोर कमी पडतो. पूर्ण जात नाही.

पानफुटी
सर्वांचे आभार. मोड आखूड ठेवून, सालं काढून करते. आजी-आजोबांसाठी आणि मुलासाठी कुकरमधलं वेगळं. दोन उपप्रश्न. ताहिनी एवढी घातली की जड होतं, हलकं करायला काय घालू? झुकिनी सुचवतात, पण इथे सहज मिळत नाही, कच्चा दुधी चालेल का? आणि चण्यांऐवजी मूग किंवा राजमा?

मोडाची_पुरचुंडी
राजमा कच्चा कधीच नाही, मोड आणूनही नाही. त्यातलं लेक्टिन इतकं तीव्र असतं की थोडे दाणेसुद्धा काही तासांत उलट्या-जुलाब घडवतात. त्याला खळखळ उकळणंच लागतं.

दुधीही टाळा. कडू दुधीतलं कुकुर्बिटासिन विषारी असतं, आणि लसूण-लिंबाखाली तो कडूपणा लपून पोटात जातो. झुकिनी मिळाली तर तिचाही तुकडा आधी चाखून पाहायचा, कडू असेल तर फेकायची. सोलून, किसून, चिमूटभर मीठ लावून पिळलेली १०० ग्रॅम झुकिनी या प्रमाणात बसते, मग पाणी जवळजवळ घालूच नका. काकडी नको, तासाभरात पाणी सुटून हमस फुटतं.

मूग उत्तम. मोड आखूड, हिरवी सालं चोळून काढलेली. दाणा लहान आणि मऊ, त्यामुळे रवाळपणा निम्मा. रंग फिकट पिवळा येतो. ताहिनी ७० ग्रॅम पुरते. ज्येष्ठ आणि मुलांबद्दल वर लिहिलेलं मुगालाही लागू.

पण सर्वांत चांगला पर्याय डिसेंबर ते फेब्रुवारीत बाजारात असतो: ओले सोलाणे. हिरवा हरभरा आपण डहाळ्यावरून तोडून कच्चाच खातो. भिजवणं नको, मोड नकोत, म्हणजे जंतूंना दीड दिवसाची ऊबही नाही. घाटे सोलून २०० ग्रॅम सोलाणे घ्या, नीट धुवा, बाकी प्रमाण तेच, ताहिनी ६० ग्रॅम. कोवळे घ्या, पिवळट पडू लागलेले घेतले तर परत रवा. जिऱ्याऐवजी मूठभर कोथिंबीर छान लागते.

घाण्याचं_तेल
साठवण राहिली. काचेच्या बरणीत, फ्रिजच्या आतल्या कप्प्यात, दारात नाही. दोन दिवस, त्यापुढे ठेवू नका. गार झाल्यावर ताहिनी आवळते, म्हणून काढताना जरा पातळच ठेवा आणि वाढताना चमचाभर गार पाणी घालून ढवळा. वर बुडबुडे दिसले किंवा झाकण उघडताना फस्स झालं तर चाखूनही बघू नका. सोलाण्यांचं हमस त्याच दिवशी संपवलेलं बरं, दुसऱ्या दिवशी रंग मातकट होतो.