दिवाळीच्या रजेत पुण्यात दोन इम्प्लांट : हे वेळापत्रक जमेल का?

वाळवंटातला_पुणेकर

नमस्कार. मी अमेरिकेत फीनिक्सजवळ राहतो. वय ४६, मधुमेह आहे, गोळ्या चालू आहेत आणि मागच्या तपासणीत एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर) ७.८ आले होते. खालची उजवीकडची पहिली दाढ दोन वर्षांपूर्वी काढावी लागली. त्या जागी अद्याप काहीही बसवलेले नाही. वरच्या डावीकडच्या दाढेचे पूर्वी रूट कॅनाल झाले होते, ती आता उभी तडकली आहे आणि काढण्याखेरीज उपाय नाही असे इथल्या डॉक्टरांचे मत आहे. दोन्ही ठिकाणी इम्प्लांट (दाताच्या मुळाऐवजी हाडात बसवायचा स्क्रू) व त्यावरची कॅप यांचा मिळून ९,४०० डॉलरचा अंदाज मिळाला. दातांच्या विम्याची वर्षाची कमाल मर्यादा १,५०० डॉलर आहे, आणि विमा घेण्यापूर्वीच गेलेल्या दाताचा खर्च मिळणार नाही असे कलम त्यात असल्यामुळे खालच्या दाढेसाठी त्याचा काहीच उपयोग नाही. पुण्यात दोन ठिकाणी चौकशी केली, तेव्हा एका दाढेचे कॅपसह ४५ ते ७० हजार रुपये सांगण्यात आले.

दिवाळीसाठी तीन आठवड्यांची रजा मंजूर झाली आहे. धनत्रयोदशीच्या दोन दिवस आधी पुण्यात पोहोचेन. तुळशीचे लग्न झाल्यावर दोन दिवसांनी भाचीचे लग्न आहे आणि त्यानंतर लगेच परतीचे विमान. भाऊबीज ते लग्न या काळात चार दिवस दापोली-गुहागरला जाण्याचा सर्वांचा बेत ठरलेला आहे. या एकाच रजेत दाढ काढणे, दोन्ही इम्प्लांट आणि कॅप हे सर्व पूर्ण करून परत येता येईल का? एक सहकारी मेक्सिकोतील लॉस अल्गोदोनेसला जाण्याचा आग्रह करीत आहे. माझ्या एच-१बी या नोकरीच्या व्हिसाचा पासपोर्टवरील शिक्का पुढच्या वर्षीच्या जुलैपर्यंत वैध आहे, हेही लक्षात घ्यावे. अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

दंतपंक्ती

मी पुण्यात हेच काम करतो. आपले तोंड पाहिल्याशिवाय नेमके सांगता येणार नाही, परंतु वेळापत्रकाबद्दल सांगता येईल : एका रजेत कॅपसह सर्व पूर्ण होणार नाही, आणि कोणी तसे आश्वासन देत असेल तर त्याला कारण विचारावे.

इम्प्लांट हा टायटॅनियमचा स्क्रू असतो. पहिल्या दिवशी तो हाडात घट्ट वाटतो तो केवळ आट्यांच्या पकडीमुळे. पुढच्या तीन-चार आठवड्यांत भोवतीचे हाड झिजून पुन्हा घडत असते, त्यामुळे ही पकड आधी सैल होते आणि नवे हाड टायटॅनियमला चिकटत जाते तशी पुन्हा वाढते. म्हणजे आपण ज्या सुमारास परतीच्या विमानात बसणार, त्याच सुमारास इम्प्लांट सर्वांत नाजूक अवस्थेकडे जात असतो, आणि त्यावर चावण्याचा भार देणे हा धोका ठरतो. स्वीडनमधील गोथेनबर्ग येथे ब्रोनेमार्क यांनी १९६५ मध्ये पहिल्या रुग्णावर हे उपचार केले, तेव्हापासून खालच्या जबड्यासाठी तीन महिने आणि वरच्यासाठी सहा महिने थांबण्याची पद्धत रूढ झाली. आजच्या इम्प्लांटचे पृष्ठभाग सुधारले आहेत, त्यामुळे हा काळ काही प्रमाणात कमी झाला आहे. तरी मधुमेही रुग्णाच्या दाढेसाठी मी खाली तीन आणि वर किमान चार महिने धरतो. ‘एका दिवसात दात’ अशा ज्या जाहिराती आपण पाहिल्या असतील, त्यांत बहुधा संपूर्ण जबड्यात चार किंवा अधिक इम्प्लांट बसवून ते एकमेकांना जोडलेले असतात आणि त्यांवर बसवलेले दातही तात्पुरते असतात. एकट्या दाढेला तो हिशेब लागू होत नाही.

आपल्या नियोजनात मला सर्वांत खटकलेली गोष्ट म्हणजे तडकलेली दाढ पुण्यात येऊन काढण्याचा विचार. ती आताच फीनिक्समध्ये काढून घ्या. वरच्या दाढेची मुळे सायनसच्या, म्हणजे गालाच्या हाडामागील हवेच्या पोकळीच्या, अगदी जवळ असतात. दाढ काढल्यानंतरचा खड्डा भरायला तीन-चार महिने मिळाले, तर दिवाळीत आपण निदान भरलेल्या जागेवर काम करू. काढताना त्या खड्ड्यात हाडाची पूड भरून जागा राखता येईल का, हे तिथल्या सर्जनना अवश्य विचारा. त्यासाठी काहीशे डॉलर अधिक गेले तरी पुढची मोठी शस्त्रक्रिया टळण्याची शक्यता वाढते. खड्डा भरल्यानंतर, ऑक्टोबरच्या सुरुवातीस, तिथेच जबड्याचा सीबीसीटी (त्रिमितीय एक्स-रे) स्कॅन करून घ्या आणि त्याची मूळ डायकॉम फाइल, म्हणजे स्कॅनचा संपूर्ण डेटा, मागून घ्या. पडद्याचे छायाचित्र काढून पाठवले तर आम्हाला त्यावरून हाडाची उंची मोजता येत नाही. सायनसखाली हाड फारच कमी असेल तर सायनस लिफ्ट, म्हणजे सायनसचे अस्तर वर उचलून खाली हाड भरण्याची शस्त्रक्रिया, करावी लागेल आणि मग सारेच वेळापत्रक काही महिन्यांनी पुढे जाईल. ही गोष्ट पुण्यात उतरल्यावर कळण्यापेक्षा तिकीट काढतानाच कळलेली बरी. खालच्या जागी दोन वर्षांत हाडाची रुंदी घटली असेल, शेजारचा दात रिकाम्या जागेत कलला असेल आणि वरची दाढ खाली उतरू लागली असेल. तेही स्कॅनसोबत तोंडाची साधी छायाचित्रे पाठवल्यास समजेल.

साखरेबद्दल : एचबीएवनसी आठच्या वर असेल तर मी शस्त्रक्रिया पुढे ढकलतो. ७.८ ही सीमारेषा आहे. दिवाळीपर्यंत आपल्याकडे वेळ आहे, सात-सव्वासातवर आणलीत तर जखम आणि हाड दोन्ही नीट भरतील. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती स्वतःच्या मनाने बंद करू नका. हाडांच्या ठिसूळपणासाठी कोणतेही औषध किंवा इंजेक्शन कधी घेतले असेल तर ते आधीच सांगा.

आता रजेच्या दिवसांबद्दल. धनत्रयोदशी ते भाऊबीज बहुतेक दवाखाने अर्धेमुर्धे चालू असतात, लॅबचे तंत्रज्ञ गावी गेलेले असतात आणि शस्त्रक्रियेच्या रात्री रक्त थांबले नाही तर डॉक्टर सापडणे कठीण असते. त्यामुळे आल्याआल्या फक्त तपासणी आणि रक्तचाचण्या, शस्त्रक्रिया भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी. चकली आणि कडक बुंदीचा लाडू त्याआधीच खाऊन घ्या, अर्थात साखर सांभाळून. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वाधिक असते, मग उतरू लागते. टाके सात ते दहा दिवसांनी काढतात. म्हणजे टाके तुळशीच्या लग्नाच्या सुमारास निघतील आणि भाचीच्या लग्नात आपण सुजलेल्या गालाने उभे राहणार नाही. दापोली-गुहागर मात्र या आठवड्यात नको. रक्तस्राव, ताप, वाढती सूज किंवा पू या गोष्टी व्हायच्या असतील तर बहुधा याच काळात होतात, आणि तेव्हा रुग्ण माझ्यापासून तासाभराच्या अंतरावर असावा असे मला वाटते.

टूसॉनचा_जावई

लॉस अल्गोदोनेसला मी स्वतः उपचार घेतले आहेत, म्हणून त्या बाजूने लिहितो. हे गाव बाहा कॅलिफोर्निया राज्याच्या ईशान्य टोकाला, ॲरिझोनातील यूमा शहराच्या अगदी जवळ आहे. वस्ती काही हजारांची, पण दंतवैद्य शेकड्यांनी, त्यामुळे लोक त्याला ‘मोलर सिटी’ म्हणतात. फीनिक्सहून यूमा सुमारे तीन तासांचा रस्ता. गाडी सीमेच्या अलीकडे क्वेचान जमातीच्या वाहनतळावर लावायची आणि चालत पलीकडे जायचे. जाताना काही वेळ लागत नाही. परतताना मात्र, विशेषतः हिवाळ्यात उत्तरेकडचे निवृत्त लोक उतरलेले असतात तेव्हा, रांगेत बराच वेळ उभे राहावे लागते. नुकतीच भूल उतरलेली आणि तोंडात कापसाचा बोळा, अशा अवस्थेत उन्हात ती रांग नकोशी होते. त्यामुळे शस्त्रक्रियेच्या दिवशी यूमाला मुक्काम ठेवावा आणि गाडी चालवायला सोबत कोणीतरी असावे.

तिथला मोठा फायदा पैशांपेक्षा अंतराचा आहे. दंतपंक्ती यांनी सांगितलेले तीन-चार महिन्यांचे अंतर इथे अडचणीचे ठरत नाही : एका शनिवारी इम्प्लांट, आठवड्याने टाके, काही महिन्यांनी माप आणि कॅप, आणि मधे काही दुखले तरी त्याच डॉक्टरांकडे जाता येते. मला एका दाढेचे कॅपसह १,३०० ते १,६०० डॉलर सांगितले होते. पुण्याचा आकडा यापेक्षा कमी आहे, पण कॅपसाठी पुन्हा पुण्याला जायचे असेल तर त्या दुसऱ्या तिकिटाचे दीड हजार डॉलर त्यात मिळवून पाहा. पुणे स्वस्त पडते ते केवळ आपण एरवीही जाणारच असलो तर, असे माझे स्पष्ट मत आहे. दोन्हीकडे एचएसएमधील (उपचारांसाठीच्या करमुक्त बचत खात्यातील) पैसे वापरता येतात. प्रत्येक उपचाराची वेगळी नोंद असलेले बिल मात्र मागून घ्यावे.

व्हिसाबद्दल : अमेरिकेचा वैध व्हिसा असलेल्या भारतीयाला मेक्सिकोत जाण्यासाठी वेगळा व्हिसा लागत नाही. शिक्का संपल्यानंतर ही सोय राहत नाही, मेक्सिकोचा व्हिसा काढावा लागतो. परतताना आय-९४ (अमेरिकेतील प्रवेशाची व मुक्कामाच्या मुदतीची नोंद) वैध असेल आणि मुक्काम तीस दिवसांच्या आतला असेल, तर संपलेल्या शिक्क्यावरही आत घेण्याची तरतूद आहे, परंतु तिच्यावर विसंबण्यापूर्वी कंपनीच्या वकिलाला विचारावे. भारतात शिक्का संपलेला असताना गेलात तर वाणिज्य दूतावासाच्या भेटीची वाट पाहत अडकून पडण्याची शक्यता आहे, आणि तिथे दाताचे कारण कोणी ऐकत नाही. म्हणून पुण्याचा मार्ग घेतलात तर दुसरी फेरी जुलैच्या बरीच आधी हवी. सायनस लिफ्ट निघाली तर ते गणित बिघडेल.

थेम्सकाठची_सूनबाई

आम्ही इंग्लंडमध्ये राहतो. एनएचएसमध्ये, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेत, इम्प्लांट फारच मोजक्या रुग्णांना मिळते, त्यामुळे इथले लोक बुडापेस्टला आणि तुर्कस्तानला जातात. माझ्या सासूबाईंनी पर्याय म्हणून बुडापेस्टचा विचार केला होता. पण भारतीय पासपोर्टवर दर वेळी शेंगेन व्हिसा काढण्याची दगदग नको म्हणून शेवटी सर्व नाशिकला केले. दोन गोष्टी सुचवते. पहिली, इम्प्लांटचे कार्ड. त्यावर कंपनी, प्रकार, व्यास, लांबी आणि बॅच क्रमांक लिहिलेला असतो, डब्यावरचा स्टिकरच त्यावर चिकटवून देतात. प्रत्येक कंपनीचा जोड आणि स्क्रू-ड्रायव्हर वेगळा असल्यामुळे हे कार्ड नसेल तर उद्या स्क्रू ढिला झाला तरी इथला डॉक्टर हात लावायला कचरतो. सासूबाईंच्या बाबतीत इथल्या एका दवाखान्याने आधी नकार दिला आणि कार्ड दाखवल्यावर तयारी दर्शवली.

दुसरी गोष्ट ‘आजीवन हमी’ची. बहुतेक ठिकाणी ती सुट्या भागाची असते; तुमच्या प्रवासाची, रजेची आणि पुन्हा कराव्या लागणाऱ्या शस्त्रक्रियेची नसते. प्रवासविमाही ठरवून घेतलेल्या उपचारांतून उद्भवलेली गुंतागुंत सहसा वगळतो. आणि कोणी ‘आलाच आहात तर पुढचे दातही छान करून देऊ’ म्हणू लागले तर तिथून उठावे. चांगले दात कॅपसाठी घासून काढले की ते परत येत नाहीत.

वाळवंटातला_पुणेकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. तडकलेली दाढ इथेच काढण्याचे ठरवले आहे. गुहागरचा बेत रद्द केला. घरातले थोडे नाराज आहेत. आता आणखी तीन शंका. दिवाळीत पुण्यात इम्प्लांट आणि नंतर फीनिक्समध्ये फक्त कॅप, असे करता येईल का? वरच्या बाजूस सायनस लिफ्ट लागलीच तर बारा दिवसांनी विमान चालेल का? आणि पहिल्या आठवड्यात खायचे काय? आईने आतापासूनच यादी मागितली आहे.

दंतपंक्ती

कॅप तिथे करता येईल, परंतु आधी ठरवून. तिथला एखादा डॉक्टर दुसऱ्याने बसवलेल्या इम्प्लांटवर कॅप करायला तयार आहे का आणि कोणत्या कंपनीचे सुटे भाग वापरतो, हे आताच ईमेलवर लेखी घ्या. स्ट्राउमान, नोबेल बायोकेअर, ऑस्टेम यांसारख्या दोन्ही देशांत मिळणाऱ्या कंपनीचाच इम्प्लांट पुण्यातल्या डॉक्टरांकडून मागा. स्थानिक स्वस्त पर्याय वाईट असतोच असे नाही, पण त्याचा भाग ॲरिझोनात मिळणार नाही. काही डॉक्टर दुसऱ्याच्या कामाची जबाबदारी घेत नाहीत आणि त्यात त्यांची चूक नाही. कोणीच तयार झाले नाही, तर टूसॉनच्या गृहस्थांचा पर्याय आपल्यासाठी अधिक सोयीचा आहे, हे पुण्यात व्यवसाय करीत असूनही मी मान्य करतो.

साध्या इम्प्लांटनंतर बारा दिवसांनी विमानाला माझी हरकत नसते. सायनस लिफ्टनंतर मी निदान दोन आठवडे, शक्यतो तीन, विमान नको म्हणतो. विमानातील हवेचा दाब सहा ते आठ हजार फूट उंचीवर असतो तितका कमी असतो. नाक चोंदलेले असेल तर सायनसमध्ये ताण येतो. त्या काळात नाक जोराने शिंकरायचे नाही आणि शिंक आली तर तोंड उघडे ठेवून द्यायची. आपल्या तारखांमध्ये हे बसत नाही, म्हणून सायनस लिफ्ट लागणार असेल तर या रजेत फक्त खालचा इम्प्लांट करा आणि वरचा पूर्णपणे वेगळा ठेवा.

खाण्याबाबत आईंना सांगा : पहिले दोन दिवस कोमट पेज, ताक, मऊ खिचडी, मेतकूट-तूप-भात, सगळे चमच्याने. स्ट्रॉ नको, कारण ओढण्याने जखमेवरील रक्ताची गुठळी निघू शकते. चिवड्याचे आणि शेवेचे कण टाक्यांत अडकतात, मिसळ तर टाके निघेपर्यंत विसरा. मधुमेहाच्या गोळ्या चालू आणि खाणे निम्मे, अशा वेळी साखर एकदम खाली जाऊ शकते. म्हणून त्या आठवड्यासाठी गोळ्यांचे प्रमाण आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडून लिहून आणा. तंबाखू-सिगारेट असेल तर ती आजपासून बंद.

वाळवंटातला_पुणेकर

तंबाखू नाही. दाढ काढण्याची वेळ पुढच्या गुरुवारची मिळाली आहे आणि इथल्या दोन दवाखान्यांना कॅपबद्दल ईमेल पाठवले आहे. ऑक्टोबरमध्ये स्कॅन हाती आल्यावर सायनसखाली किती हाड आहे ते इथेच लिहीन. वरच्या दाढेचा निर्णय तोपर्यंत थांबवतो.