खुनी कोण ते निवेदकाच्या आवाजानेच फोडलं

रातकिडा:
काल रात्री अकरा तासांचं एक थ्रिलर ऐकून संपवलं. सिरीयल किलर, एकामागून एक खून, झोप उडालेली तपास अधिकारी, सगळं रीतसर. पुस्तक चांगलं होतं. पण खुनी कोण ते मला तिसऱ्या तासालाच कळलं, आणि त्यात माझी हुशारी शून्य. निवेदकाने सांगितलं. तोंडाने नाही, आवाजाने.

या कादंबऱ्यांत मधूनमधून खुन्याची प्रकरणं असतात. नाव नाही, वय नाही, बाई की पुरुष तेही नाही. छापील पुस्तकात ती बहुतेकदा तिरप्या अक्षरांत येतात, आणि अक्षरं मुकी असतात. ऐकताना मात्र कुणाला तरी ती बोलावीच लागतात. आमच्या निवेदकाने खुन्याला संथ, घोगरा, शब्दाच्या शेवटी श्वास सोडणारा आवाज दिला. ठीक. मग तिसऱ्या तासाला एक भला शेजारी येतो, दोन वाक्यं बोलतो, आणि शेवटी तोच श्वास. संपलं! पुढचे आठ तास मी पोलिसांची कीव करत बसलो.

माझं ठाम मत: रहस्यकथा वाचावी, ऐकू नये. चरित्रं, प्रवासवर्णनं खुशाल ऐका.

पानवेडी:
शंभर टक्के. शिवाय मागे कसं जाणार? प्रकरणाच्या माथ्यावर 'सहा वर्षांपूर्वी' असं लिहिलेलं असतं. ऐकताना ते एका सेकंदात निघून जातं, आपण तेवढ्यात भांडी आपटलेली असतात. मग मेलेली बाई चहा का पितेय तेच कळत नाही. मी सध्या असंच एक जाडजूड वाचतेय, दर वीस पानांनी मागे जाऊन तारखा ताडून बघते. तीच तर मजा.

कानसेन:
नाचता येईना अंगण वाकडं. एक निवेदक कच्चा निघाला म्हणून अख्खा प्रकार बाद? जाणता निवेदक ती प्रकरणं मुद्दाम सपाट वाचतो. काही ठिकाणी खुन्यासाठी वेगळा कलाकारच घेतात.

आणि छापील पुस्तकात प्रकरणाच्या शेवटच्या ओळीकडे तुमचा डोळा आधीच पळत नाही, हे शपथेवर सांगा. ऐकताना ती चोरी अवघड. मिनिटाला साधारण दीडशे शब्द, त्याच चालीने जायचं. अंधाऱ्या जिन्यावरून एकेक पायरी उतरावी तसं. २०१९ साली बर्कलीच्या संशोधकांनी नऊ जणांना त्याच गोष्टी ऐकवल्या आणि वाचायलाही दिल्या, तेव्हा अर्थ लागताना मेंदूत उमटणारा नकाशा दोन्ही वेळा जवळजवळ सारखाच दिसला. तेव्हा 'ऐकलेलं डोक्यात शिरत नाही' हे पालुपद आता पुरे.

रातकिडा:
अर्थ लागत नाही असं मी कुठे म्हटलं? जास्तच लागला, तेच तर रडगाणं आहे! आणि त्या ॲपवर 'दोन तास दहा मिनिटं बाकी' असं दिसतं. म्हणजे आत्ता बेड्या घातलेला इसम खरा खुनी नाही, हे शेंबडं पोरही सांगेल.

कानसेन:
छापील पुस्तकात उरलेली पानं बोटांना कळत नाहीत वाटतं?

शब्दखुंटी:
रातकिड्यांच्या बाजूने एक भर. खुनी इंग्रजीत स्वतःबद्दल बोलतो तेव्हा क्रियापदावरून तो पुरुष की बाई हे कळत नाही. मराठीत 'शिरलो' की 'शिरले' हे ठरवल्याशिवाय वाक्यच पुरं होत नाही. असं एक थ्रिलर मराठीत आणताना मी खुन्याला भूतकाळात कुठे जाऊ दिलं नाही, बसू दिलं नाही, साधं हसूही दिलं नाही. 'मी दार उघडलं', 'मी सुरी उचलली', 'मला तिचा श्वास ऐकू आला', फार तर 'मी उद्या येईन'. सगळं कर्माच्या आडोशाने. आणि रेकॉर्डिंगला लावला पुरुषाचा भारदस्त आवाज. कष्टांचं पहिल्याच वाक्यात मातेरं. (मी बाई की पुरुष, हे या प्रतिसादावरून ओळखून दाखवा.)

कानसेन:
मुद्दा झकास. पण पटला नाही. तोच एक माणूस आजी, पोरगी, इन्स्पेक्टर सगळे बोलतो तेव्हा आपण मुकाट मानतोच ना?

मिटलेले डोळे:
'ऐकू नये' वाचून हसू आलं. म्हणजे ऐकून. मला दिसत नाही, त्यामुळे हा धागाही स्क्रीन रीडरच वाचून दाखवतोय, आणि तो खुनी, शेजारी, तुम्ही, सगळ्यांना एकाच यंत्री सुरात बोलतो. तुम्हाला हवा तो मुका निवेदक माझ्याकडे फुकट आहे.

१९३५ साली ब्रिटनमध्ये अंधांसाठी बोलकी पुस्तकं सुरू झाली. ग्रामोफोनच्या तबकड्या, एका बाजूला साधारण २५ मिनिटं. पहिल्याच खेपेत कोणती कादंबरी होती? ॲगाथा ख्रिस्ती यांची 'द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड'. ज्यांनी ती वाचलीय त्यांना कळेल की कथा सांगणाऱ्याच्या सुरावर ती किती तोललेली आहे. तेव्हा रहस्यकथा कानाला नवी नाही.

माझी तक्रार वेगळीच आहे. छळाचं वर्णन आलं की डोळस माणूस परिच्छेद भरभर ओलांडतो. मला तीस सेकंद पुढे ढकलावं लागतं, आणि नेमकं त्यातच एखादं पाऊल, एखादी अंगठी निसटते. मग परत मागे, आणि ती किंकाळी पुन्हा पहिल्यापासून, तीही थेट कानात. बाईचा जीव जाताना निवेदकाला एवढा रंग का चढतो, याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही.

रातकिडा:
'ऐकू नये' मागे घेतो. चुकलंच. 'दिसत असेल आणि निवेदक हौशी असेल तर ऐकू नये' एवढं ठेवतो. किंकाळ्यांबद्दल पूर्ण सहमत, मीही दोनदा हेडफोन काढला.

पानवेडी:
रातकिडे, एक विचारू? पुस्तकाचं नाव सांगू नका. त्या अधिकारी बाईकडे एक लंगडं मांजर आहे का?

रातकिडा:
आहे. का हो?

पानवेडी:
माझी दीडशे पानं झालीत. शेजारी आत्ताच आलाय, मांजराला दूध घेऊन.