पीयूसीच्या (अकरावी-बारावीच्या) अभ्यासासाठी डेस्कटॉप हवा आहे, बजेट २५ हजार: नवीन असेंबल्ड घेऊ की वापरलेला डेल?

नमस्कार. आम्ही खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या बाजूला राहतो. मुलगी मराठी माध्यमातून एसएसएलसी (दहावी) झाली, आता पीयूसी सायन्सच्या पहिल्या वर्षाला आहे. सगळे विषय एकदम इंग्रजीत आल्यामुळे रात्री मोबाईलवर व्हिडिओ लावून बसते. फळ्यावरचं गणित दिसत नाही म्हणून थांबवायचं, बोटांनी मोठं करायचं, एक ओळ वहीत उतरवायची, की परत तेच. सीईटी ओएमआरवर (कागदावर गोल रंगवून) असते, पण तिला जेईई मेनही द्यायची आहे. ती संगणकावर असते, आकडी उत्तरंसुद्धा माऊसने पडद्यावरच्या कीपॅडवर टाकायची. तो सराव मोबाईलवर कसा होणार? लॅपटॉप नको, कारण धाकटाही वापरणार, आणि एका जागी राहील ते बरं.

बेळगावात चौकशी केली. एका दुकानात १६ हजारांत ‘नवीन आय५’ सांगितला: काचेचं कॅबिनेट, आत रंगीत दिवे, ८ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी (फाइली साठवायची वेगवान डिस्क), एक वर्षाची वॉरंटी. कोटेशनवर आय५-३४७० प्रोसेसर आणि एच६१ मदरबोर्ड असं लिहिलंय. दुसरीकडे डेल ऑप्टिप्लेक्स ३०६०, आय५-८५००, रॅम आणि एसएसडी तेवढीच, १५ हजार, पण वापरलेला आणि वॉरंटी सहा महिन्यांची. मॉनिटर दोन्हीकडे वेगळा.

घरी सगळे म्हणतात, पैसे घालायचेच तर नव्यात घाला. मला ठरवता येत नाहीये. शिवाय आमच्याकडे पावसाळ्यात करंट सारखा जातो, ब्रॉडबँड नाही, मोबाईलचंच नेट आहे. धाकट्याला मराठी आणि कन्नड दोन्ही टायपिंग शिकवायचं आहे. जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद (बेळगाव)

ताई, माझं संगणक दुरुस्तीचंच काम आहे. डेल घ्या.

‘आय५’ एवढ्यावर जाऊ नका, पुढचा आकडा बघा. ३४७० म्हणजे तिसरी पिढी, २०१२ सालचा प्रोसेसर. तो आता नवीन बनत नाही, जुन्या मशीनमधून काढून नव्या बोर्डवर बसवलेला असतो. म्हणजे तुम्ही ज्याला नवीन म्हणताय त्याचा मुख्य भाग डेलपेक्षा सहा वर्षांनी जुना आहे. ८५०० आठव्या पिढीचा, २०१८ सालचा, सहा कोअरचा. ३४७० ला चारच कोअर. त्यात विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला इंटेलची किमान आठवी पिढी आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं. ३४७० वर जुगाड करून ११ टाकून देणारे आहेत, पण पुढचे अपडेट मिळतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. दोन वर्षं मुलीला निर्धास्त वापरता आलं पाहिजे.

पैसे देण्याआधी दुकानातच मशीन चालू करून घ्या. सेटिंगमध्ये विंडोज ॲक्टिव्हेटेड दिसतंय का बघा. क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर टाकून एसएसडीची हेल्थ बघा. बायोसला (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंगला) जुन्या ऑफिसचा पासवर्ड राहिलेला नाही ना, हे नक्की बघा, नाहीतर पुढे विंडोज परत टाकायची वेळ आली की अडकाल. बिलावर सिरीयल नंबर आणि वॉरंटी लिहून घ्या, तोंडी कबुलीवर सोडू नका.

आणि यूपीएसशिवाय डेस्कटॉप घरी नेऊच नका. ६०० व्हीएचा पुरेल, करंट गेल्यावर काम सेव्ह करून मशीन नीट बंद करायला भरपूर वेळ मिळतो. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर अर्थिंग नाही असं समजा आणि आधी वायरमनला बोलवा.

प्रतिसाद (निपाणी)

वरच्यांशी सहमत. एक भर घालते: ऑफिसातून निघालेल्या या मशीनमध्ये बहुतेक वेळा वायफाय नसतं. वायफायचं यूएसबी डोंगल घ्या, किंवा मोबाईल डेटा केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा, तेही छान चालतं आणि मोबाईल चार्जही होत राहतो. वेबकॅम आणि माईक नसतो, ऑनलाइन क्लासला माईकवाला हेडफोन लागेल.

टायपिंगसाठी धाकट्याला थेट इनस्क्रिप्ट (भारतीय भाषांचा ठरलेला कीबोर्ड) शिकवा. विंडोजमध्ये फुकट आहे आणि मराठी-कन्नडचा आराखडा एकच: के दाबलं की दोन्हीकडे क, एच दाबलं की दोन्हीकडे प. एकदा बोटं बसली की दोन्ही भाषा आल्या. आमच्या घरी मुलं तसंच शिकली.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. घरी हे सगळं वाचून दाखवलं, आता सगळे डेलला तयार आहेत. दुकानदाराला फोन केला. वायफाय नाही म्हणाले, कीबोर्ड-माऊस १५ हजारांतच देतायत, बायोस समोर उघडून दाखवतो म्हणाले. आता मॉनिटरचं सांगा: १९ इंची वापरलेला अडीच हजारांत मिळतोय, २२ इंची नवीन साडेसहा हजारांत. यूपीएसला अडीच हजार धरलेत.

प्रतिसाद (बेळगाव)

नवीन २२ इंची घ्या, २४ हजारांत सगळं बसतंय. जुन्या मॉनिटरचा उजेड उतरलेला असतो आणि ती रात्री बसणार. फुल एचडी आणि आयपीएस पॅनल (बाजूनेही नीट दिसणारा पडदा) एवढं बघून घ्या, एचडीएमआय केबल खोक्यात आहे का तेही. उरलेल्या हजारात डोंगल आणि हेडफोन दोन्ही येतील.